‘ऑफ’ की ‘फ्रॉम’? ‘टु’ की ‘फॉर’?

पेणचा गणपती सातासमुद्रांपलीकडे जातो, ही बातमी आता जुनी झाली. अमेरिका, इंग्लंड, मॉरिशस, ऑस्ट्रेलिया, जिथे जिथे मराठी माणसाने बिऱ्हाड थाटले तिथे तिथे पेणच्या मूर्ती जाऊन पोचल्या. बोटीने जायचे तर प्रवास लांबचा, म्हणून इथे पहिला पाऊस पडण्याच्या आधीच पुष्कळशा मूर्ती खोक्यांत बंद होतात. आणि प्रत्येक खोक्याच्या पुढेमागे एक इंग्रजी पत्र जाते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करताना ज्याचा हात कधी हलत नाही, असा कसबी कारागीर हे पत्र लिहिताना मात्र थबकतो. मूर्ती शाडूची आहे हे लिहायचे आहे. ‘मेड’ इथपर्यंत लेखणी सरळ येते. पुढे काय? ‘मेड ऑफ शाडू’ की ‘मेड फ्रॉम शाडू’?

मराठीत ही अडचणच नाही. ‘शाडूची मूर्ती’ म्हणा की ‘शाडूपासून केलेली मूर्ती’ म्हणा, ऐकणाऱ्याला एकच कळते. इंग्रज मात्र इथे बारीक भेद करतो. मूळ पदार्थ तयार वस्तूत जसाच्या तसा दिसत असेल तर ‘ऑफ’. तो पदार्थ आपले रूप टाकून निराळाच झाला असेल तर ‘फ्रॉम’. शाडूच्या मूर्तीत शाडू डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. म्हणून मूर्ती ‘मेड ऑफ शाडू’. पण पेणचेच पोहे घ्या. भात भिजवला, भाजला, कांडला, तेव्हा पोहा झाला. पोह्यात भाताचा दाणा आता शोधून सापडायचा नाही. म्हणून पोहे ‘मेड फ्रॉम पॅडी’. पेणच्या खाडीकाठचे मीठ समुद्राच्या पाण्यापासून झाले, तेही ‘फ्रॉम’. प्लास्टरच्या मूर्तीचे तर दोन्ही: मूर्ती ‘ऑफ प्लास्टर’ आणि प्लास्टर ‘फ्रॉम जिप्सम’, कारण जिप्समचा दगड भाजून त्यातले बरेचसे पाणी उडवले की मगच प्लास्टर हाती येते. पेणच्या बाजारात एक फेरी मारली तर हा नियम पुन्हा म्हणून विसरायचा नाही.

त्याच पत्रात पुढे आणखी दोन खड्डे असतात. पहिला ‘सप्लाय’चा. ‘सप्लाय यू विथ आयडॉल्स’ किंवा ‘सप्लाय आयडॉल्स टु यू’. माणूस आधी आला तर मालापूर्वी ‘विथ’, माल आधी आला तर माणसापूर्वी ‘टु’. ‘सप्लाय टु यू विथ’ असे दोन्ही डगरींवर हात ठेवायचे नाहीत. दुसरा खड्डा मोठा, आणि त्यात पैसे बुडतात. ‘पंधरा जुलैपर्यंत मूर्ती पोचवू’ हे वाक्य आपण सहज ‘अंटिल फिफ्टीन्थ जुलै’ असे करतो. आपल्या ‘पर्यंत’मध्ये दोन अर्थ मावतात: ‘दहा वाजेपर्यंत काम करतो’ ह्यात काम दहापर्यंत चालूच असते, ‘दहा वाजेपर्यंत येतो’ ह्यात येणे एकदाच होते, फक्त दहाच्या आत. इंग्रजीने ह्या दोघांची वाटणी केली आहे. चालू राहणाऱ्या कामाला ‘टिल’ किंवा ‘अंटिल’, आणि मुदतीच्या आत उरकायच्या कामाला ‘बाय’. ‘डिलिव्हर अंटिल’ वाचणाऱ्याला वाटेल की हे लोक पंधरा जुलैपर्यंत रोज मूर्ती पाठवत राहणार! करारात ‘बाय’ हवा. विम्याच्या कागदावरही असेच आहे. मूर्ती फुटण्याच्या भीतीपोटी विमा उतरवायचा तो ‘अगेन्स्ट ब्रेकेज’. आणि जेवढ्या रकमेचा उतरवायचा तिच्यापूर्वी ‘फॉर’. ह्यांची अदलाबदल झाली, तर विमा कशाचा नि किती रुपयांचा ह्यावरच घोळ होईल.

हे सगळे होते कशामुळे? मुख्य कारण बसण्याच्या जागेचे आहे. आमची अव्यये नामाच्या पाठीमागे चिकटून चालतात: घरात, घरावर, घरापासून, घरासाठी. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिले, तेव्हापासून शाळेतली मुले विभक्तीची ही कोष्टके घोकीत आली. इंग्रजीने विभक्तीचे बहुतेक प्रत्यय केव्हाच टाकून दिले आणि त्यांचे काम नामाच्या पुढे चालणाऱ्या छोट्या शब्दांवर सोपवले. नुसती जागाच बदलली असती तर हरकत नव्हती. माणूस चार दिवसांत सवय करून घेतो. पण कामाची वाटणीही निराळी झाली. आमचा एक ‘ला’ घ्या. मुंबईला गेलो, बाबांना विचारले, वाघाला भ्यालो, दहाला निघालो, शंभराला विकले. ह्या एका ‘ला’साठी इंग्रजीत कधी ‘टु’, कधी काहीच नाही, कधी ‘ऑफ’, कधी ‘ॲट’, कधी ‘फॉर’. म्हणून मनातल्या मनात मराठी वाक्य रचून त्याला इंग्रजी अंगरखा चढवणारा माणूस नेमका बाहीत अडकतो.

सर्वांत जास्त अडकायला होते ते जिथे काहीच नको तिथे. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ नको. ‘रीच’च्या पुढे ‘टु’ नको. खोलीत शिरणे म्हणजे नुसते ‘एन्टर’. ‘एन्टर इन्टु’ फक्त करारात, वाटाघाटीत शिरताना. ‘रिझेम्बल’, ‘ओबे’, ‘अप्रोच’, ‘ॲकम्पनी’, ‘कॉन्टॅक्ट’ ही सगळी एकांडी शिलेदार मंडळी. गंमत अशी की ह्यांतल्याच क्रियापदाचे नाम केले की त्याला लगेच सोबत लागते. ‘डिस्कस द मॅटर’ पण ‘डिस्कशन अबाउट द मॅटर’. ‘रिक्वेस्ट हेल्प’ पण ‘अ रिक्वेस्ट फॉर हेल्प’. ‘आन्सर द लेटर’ पण ‘ॲन आन्सर टु द लेटर’. चुकीचे निम्मे मूळ इथे आहे. नामाबरोबर ऐकलेले शेपूट आपण क्रियापदाला लावतो.

लग्नाच्या जाहिराती वाचणाऱ्यांसाठी इथे थोडे थांबले पाहिजे. आपण लग्न कुणा‘शी’ करतो, म्हणून ‘मॅरी विथ’ लिहितो. इंग्रज नुसताच ‘मॅरी’ करतो, आणि झालेल्या लग्नाला ‘मॅरीड टु’ म्हणतो. ‘थोरली बहीण मॅरीड टु ॲन इंजिनिअर’ हे बरोबर. ‘मॅरीड विथ टु चिल्ड्रन’ असेही इंग्रजीत लिहितात, पण त्याचा अर्थ विवाहित, पदरी दोन मुले. तेव्हा मुलीच्या माहितीपत्रात ‘विथ’ घालण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांनी दोनदा विचार करावा हे बरे.

कचेरीतली उदाहरणे तर फराळाच्या ताटासारखी आहेत, कशाकशावर हात ठेवावा? एकट्या ‘लुक’चा संसार पाहा. ‘लुक ॲट’ म्हणजे पाहणे, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे, ‘लुक इन्टु’ म्हणजे चौकशी करणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे. तक्रार करणाऱ्या ग्राहकाला ‘वुई आर लुकिंग आफ्टर युवर कम्प्लेंट’ असे उत्तर गेले, तर आम्ही आपल्या तक्रारीचे नीट संगोपन करीत आहोत असा त्याचा अर्थ होतो. पुष्कळ कचेऱ्यांच्या बाबतीत तो खराही असेल, पण तसे लेखी कोणी देत नाही! ‘अटेंड’चेही असेच. सभेला हजर राहणे हे नुसते ‘अटेंड’; कामाकडे किंवा रोग्याकडे लक्ष पुरवणे हे ‘अटेंड टु’. ‘डील इन’ म्हणजे त्या मालाचा धंदा करणे, ‘डील विथ’ म्हणजे त्याचा बंदोबस्त करणे किंवा त्या माणसाशी व्यवहार ठेवणे. ‘रिस्पॉन्सिबल टु’ म्हणजे ज्याला जाब द्यायचा तो, ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ म्हणजे ज्याबद्दल जाब द्यायचा ते. नेमणुकीच्या पत्रात हे दोन्ही असतात, आणि सही करण्यापूर्वी दोन्ही वाचावेत.

पेणहून नागोठण्यावरून रोह्याला आले की विषय अधिक गंभीर होतो. रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत आहे आणि तिथे मुख्यतः रसायनांचे कारखाने आहेत. कुंडलिकेच्या काठच्या ह्या गावातली पुष्कळ घरे त्या कारखान्यांवर चालतात. रसायनशाळेतला पहिला धडा असा, की तीव्र गंधकाम्ल पातळ करायचे असेल तर आम्ल हळूहळू पाण्यात ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये. दोन्ही मिसळताना भयंकर उष्णता निघते. पाणी पुष्कळ असेल तर ती उष्णता त्यात जिरते. पण आम्लावर थोडे पाणी पडले तर ते पाणी जागच्या जागी उकळते आणि आम्लाचे शिंतोडे उडवते, ते थेट तोंडावर, डोळ्यांत. आता इंग्रजी सूचना पाहा: ‘ॲड ॲसिड टु वॉटर’. शब्द तेच, क्रियापद तेच. ‘टु’च्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण एवढ्यावर डोळे वाचायचे की जायचे हे ठरते. मराठीत ‘पाण्यात आम्ल’ म्हणा की ‘आम्ल पाण्यात’ म्हणा, ‘त’ हा पाण्यालाच चिकटलेला, त्यामुळे शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ ढळत नाही. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे क्रम ढळला की अर्थ ढळला.

ह्याहून फसवे क्रियापद ‘सब्स्टिट्यूट’. ‘सब्स्टिट्यूट सोडा फॉर लाइम’ ह्याचा अर्थ काय? घाईत वाचणारा म्हणेल, सोडा काढा आणि चुना घाला. अर्थ नेमका उलटा आहे: चुन्याऐवजी सोडा घाला. इथला ‘फॉर’ म्हणजे आपला ‘ऐवजी’, आणि तो बाहेर जाणाऱ्या वस्तूला लागतो. ‘रिप्लेस’चे चाल उफराटी. ‘रिप्लेस लाइम विथ सोडा’ ह्यात ‘विथ’ आत येणाऱ्या वस्तूला लागतो. दोन्ही वाक्यांत घडते एकच, चुना गेला नि सोडा आला. पण ‘सब्स्टिट्यूट’ला ‘विथ’ जोडून लिहिलेली सूचना हाती आली, तर पाळीवरच्या माणसाने ती अमलात आणण्याआधी लिहिणाऱ्याला विचारून घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

आता थोडे हलके होऊ आणि गाडीत बसू. पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. जन्म ११ सप्टेंबर १८९५. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईला म्हणून निघाले, वाटेत सुरतेला उतरले आणि परीक्षा सोडून काशीला गेले. प्रवासाच्या क्रियापदांना ह्याहून चांगला धडा कुठे मिळणार? मुंबईच्या दिशेने निघाले: ‘लेफ्ट फॉर बॉम्बे’. सुरतेला उतरले: ‘गॉट ऑफ द ट्रेन ॲट सुरत’. काशीला गेले: ‘वेन्ट टु काशी’. पोचले: नुसते ‘रीच्ड काशी’, किंवा ‘अराइव्ह्ड इन काशी’. ‘फॉर’मध्ये नुसता रोख आहे, पोचण्याची हमी नाही, विनोबांनी ते सिद्धच करून दाखवले. ‘टु’मध्ये माणूस ठिकाणावर जाऊन टेकतो. ‘अराइव्ह’ला कधी ‘ॲट’ आणि कधी ‘इन’ हाही मुलांचा नेहमीचा प्रश्न. ठिकाण नकाशावरच्या ठिपक्यासारखे मनात असेल तर ‘ॲट’, आत राहायचे, हिंडायचे असेल तर ‘इन’. दिवा–रोहा गाडी ‘अराइव्ह्ज ॲट पेण’, कारण गाडीला पेण म्हणजे एक फलाट. पण माहेरवाशीण ‘अराइव्ह्ज इन पेण’. आणि निघताना ‘लीव्ह’च्या पुढे ‘फ्रॉम’ लागतोच असे नाही. ‘लीव्ह रोहा फॉर पेण’ एवढे पुरे.

रोह्याचे नाव निघाले म्हणजे चिंतामणराव देशमुखांचे निघतेच. तिथल्या महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे. १९१२ च्या मॅट्रिकमध्ये पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिज, १९१८ च्या आय. सी. एस. मध्ये पुन्हा पहिले, आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांची सही असलेल्या नोटा जुन्या लोकांनी हाताळल्या असतील. वाचकहो, आपल्या पाकिटातली कोणतीही नोट काढा. गव्हर्नरांच्या सहीवर इंग्रजीत जे वचन छापले आहे त्यात ‘पे द बेअरर’ आहे, ‘पे टु द बेअरर’ नाही. आपल्याला ‘धारका‘ला’’ द्यायचे असते म्हणून ‘टु’ घालावासा वाटतो. नियम सोपा आहे: ‘पे’च्या पाठोपाठ माणूस आला तर मध्ये काही नको; ज्या वस्तूचे पैसे द्यायचे तिच्यापूर्वी ‘फॉर’. ‘पे द मूर्तिकार फॉर द मूर्ती’. बिलाला मात्र ‘फॉर’ नको. बिल हे देणेच आहे, ‘पे द बिल’. ‘टेल’, ‘गिव्ह’, ‘सेन्ड’ हेही ‘पे’च्या बिरादरीतले. ‘से’ आणि ‘एक्स्प्लेन’ मात्र हट्टाने ‘टु’ मागतात. ‘एक्स्प्लेन मी’ हे शाळाशाळांतून ऐकू येते. हवे ते ‘एक्स्प्लेन इट टु मी’.

चिंतामणराव संस्कृतचे रसिक. मेघदूताचे मराठी पद्य भाषांतर त्यांनी केले. संस्कृत येणाऱ्याला ह्या इंग्रजी भानगडीचे फारसे आश्चर्य वाटू नये, कारण पाणिनीने हेच प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास सोडवायला घेतले होते. भिण्याच्या धातूंना भीतीच्या कारणाची पंचमी, रागावण्याच्या धातूंना ज्याच्यावर राग त्याची चतुर्थी, आवडण्याच्या धातूला ज्याला आवडते त्याची चतुर्थी. क्रियापद कोणत्या विभक्तीशी संसार करते हे त्याने धातूगणिक सांगितले. आता इंग्रजीकडे वळा. ‘अफ्रेड’ला ‘ऑफ’ का? आजचे ‘ऑफ’ म्हणजे ‘चा’ आणि दुसरे, दूर होण्याचे ‘ऑफ’, हे दोन्ही मुळात एकच शब्द होते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पासून’, म्हणजे आपली पंचमीच! एवढे कळले की कितीतरी कोडी सुटतात. ‘रॉब अ मॅन ऑफ हिज मनी’, ‘क्युअर ऑफ अ डिसीज’, ‘डाय ऑफ कॉलरा’: सगळीकडे काहीतरी कशापासून तरी सुटते आहे, नाहीतर उगम पावते आहे. ‘विथ’ची कथा उलटी. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. सोबतीचा अर्थ नंतर आला. ‘विथस्टँड’ म्हणजे समोर ठाकणे, ह्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘फाइट विथ’मध्ये तर दोन्ही अर्थ एकमेकांना धक्के देतात, शेजाऱ्याशी भांडलो की शेजाऱ्याच्या बाजूने भांडलो? कोर्टात सांगायचे असेल तर ‘अगेन्स्ट’ म्हणावे. आणि ‘अँग्री ऑन मी’ हे मराठीच्या ‘माझ्यावर’चे थेट कलम, इंग्रज ‘अँग्री विथ मी’ म्हणतो.

संस्कृतचा आणखी एक उपयोग. वियोग कशापासून होतो आणि संयोग कशाशी होतो, हे ‘वि’ आणि ‘सम्’ हे उपसर्गच सांगतात. इंग्रजीत लॅटिनमधून आलेल्या क्रियापदांचे तसेच आहे. सुरुवातीला ‘ॲब’ किंवा ‘डिस’ असेल तर बहुधा ‘फ्रॉम’: ‘ॲब्स्टेन फ्रॉम’, ‘डिफर फ्रॉम’, ‘डिसेन्ट फ्रॉम’. ‘कॉन’ किंवा ‘कॉम’ असेल तर ‘विथ’: ‘कॉम्प्लाय विथ’, ‘कन्कर विथ’, ‘कोइन्साइड विथ’. ‘ॲड’ असेल तर ‘टु’: ‘ॲड्हिअर टु’, ‘ॲडमिट टु’, ‘अप्लाय टु’. हा नियम रुपयात बारा आणे चालतो. उरलेल्या चार आण्यांत ‘कन्सिस्ट ऑफ’सारखी बंडखोर मंडळी आहेत, ती पाठच करावी लागतात.

पाठ कशी करावी? निव्वळ यादी करून भिंतीला लावू नये, ती आठवड्यात डोळ्यांना दिसेनाशी होते. क्रियापद कधी एकटे शिकू नये. जोडीने आणि एका वाक्यात शिकावे. ए. एस. हॉर्नबी नावाचे शिक्षक जपानात मुलांना इंग्रजी शिकवीत. परक्या मुलाला शब्दाच्या अर्थाहून शब्दाची चाल अधिक नडते हे त्यांच्या ध्यानात आले, आणि तशी चाल दाखवणारा कोश त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ साली तिथे छापला. १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने काढला, आणि आज त्याच्या कितीतरी आवृत्त्या झाल्या आहेत. असा विद्यार्थ्यांचा कोश घरात असावा. त्यात क्रियापदाशेजारीच त्याचे सोबती छापलेले असतात. हल्ली दूरध्वनी आणि संगणक चुका दुरुस्त करून देतात हे खरे. पण ‘सब्स्टिट्यूट सोडा फॉर लाइम’ आणि ‘सब्स्टिट्यूट लाइम फॉर सोडा’ ही दोन्ही वाक्ये व्याकरणाला धरूनच आहेत. त्यांतले आपल्याला कोणते हवे, हे यंत्राला कोठून कळणार?

शिवाय खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकमत नाही. इंग्रज ‘राइट टु मी’ म्हणतो, अमेरिकन ‘राइट मी’ म्हणतो. अर्ज इंग्लंडात ‘फिल इन’ करतात, अमेरिकेत ‘फिल आउट’. वाक्याच्या शेवटी ‘ऑफ’, ‘फॉर’ ठेवू नये असे एके काळी मास्तर बजावीत असत. ड्रायडन कवीने १६७२ साली बेन जॉन्सनमध्ये हा दोष काढला, तेव्हापासून ती सोवळ्याची रीत सुरू झाली. आज ती कोणी फारशी पाळत नाही, आणि ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉर?’ हे सरळ इंग्रजी आहे.

राहिला पत्राचा शेवट. ‘लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू’ असे शेकडो पत्रांखाली असते. हवे ‘टु हिअरिंग फ्रॉम यू’. इथला ‘टु’ हा ‘टु गो’, ‘टु ईट’ मधला नव्हे, तो खरा शब्दयोगी आहे, आणि त्याच्यापुढे नाम किंवा नामासारखे रूपच बसते. ओळखायची खूण अशी, की त्या जागी ‘इट’ घालून पाहावे. ‘लुकिंग फॉरवर्ड टु इट’ हे चालते, म्हणून ‘हिअरिंग’. ‘ऑब्जेक्ट टु इट’ चालते, म्हणून ‘ऑब्जेक्ट टु पेइंग’. ‘वॉन्ट टु इट’ चालत नाही, म्हणून तिथे ‘वॉन्ट टु पे’.